बेचाळिसाव्या किलोमीटरला पाय धुतले

पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत, बेचाळीस पळून झाल्यावर, बूट काढून पाटावर बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

माझं गाव वाशिमकडचं. आठवीतनं शाळा सुटली (म्हणजे मीच सोडली) आणि इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आलो. खोलीचे मालक आप्पा आणि त्यांची बायको अक्का, दोघांनी मला घरचाच करून टाकलं. कोल्हापुरात शर्यत आहे हे आप्पांनीच शोधलं.

"आरं, रोज बारा तास मागांमधनं फिरतोस की! पन्नास किलोमीटर म्हंजे नुस्ती एक पाळी!"

मला नाही म्हणता येत नाही. शिवाय आठ तासांत पोचलं की नाव छापलेलं सर्टिफिकेट मिळणार होतं. लेकानं काहीतरी पुरं केलं, एवढं एकदा आईला दाखवायचं होतं.

बेचाळिसाव्या किलोमीटरपर्यंत मी वेळेत होतो. तिथं रस्त्याकडेलाच आप्पांच्या बहिणीचं, आत्याचं घर. आप्पा आणि अक्का आधीच येऊन बसलेले. आत्या तांब्या घेऊन थेट रस्त्यात!

"पयल्यांदा दारात आलाय पावणा, आन् तसाच जाईल व्हय?"

"आत्या, टाइम संपतोय!"

"आमी काय मुक्कामाला ठेवतोय? पाय धू, च्या घे, जा."

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा आभाळाकडं बघायला लागले. मी बूट काढले. (इथं जाणकार धावपटूंनी डोळे मिटून घ्यावेत.)

आत्यानं कढत पाणी ओतून स्वतःच्या हातानं माझे पाय धुतले. माझे! घर सोडल्यापासून या पायांकडं कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. चहा एका दमात प्यायलो. मग कुंकू, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ.

उठलो आणि बूट उचलले. पाय दुप्पट झालेले! आत जाईनात. आप्पा पुढनं ओढतायत, अक्का मागनं ढकलतायत.

"त्याल लावू का?" आत्या.

"अगं, पाय हाय का दाराची कडी?" आप्पा ओरडले.

शेवटी आत्याच्या नवऱ्याच्या रबरी चपला घातल्या. नऊ नंबर, मला सात लागतो. टोपी काढायला गेलो तर अक्का कुजबुजली, "र्‍हाऊ दे, वन्संला वाईट वाटंल." मग काय! टोपी, टॉवेल, नारळ, सगळ्यासकट फटाक-फटाक आठ किलोमीटर. वाटेत पाणी देणारा एकजण हात जोडून बाजूला झाला.

दोन मिनिटं राखून पोचलो. सर्टिफिकेट हातात धरून फोटो काढला आणि लगेच आईला पाठवला. फोन आलाच.

"काहून रे, लगन लावलं अन् मायले सांगतलंबी नाही?"

सगळं समजावून सांगितलं. शर्यत, आठ तास, छापलेलं नाव. मग ती म्हणाली, "त्या बाईनं सोताच्या हातानं धुतले तुये पाय?"

"हो."

"म्हंजे तिकडं जपणारं हाय कोणी तुले." नाक ओढल्याचा आवाज आला. "मंग एवढंच पाह्यजे होतं मले. पोचला नसता तरी चाल्लं असतं."

हे बेचाळिसाव्या किलोमीटरला कळलं असतं, तर मी दुसरा कप घेतला असता!