“जा. जेवाय ये!”

कोळशाच्या पोत्याखाली भुकटी साचते, तसे मोटार अड्ड्यावर किस्से साचतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण झाडायला गेलं की हात काळे होतात! मी उंब्रज–सातारा सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होतो. शाळा मी तिसरीत सोडली. मास्तरांचं म्हणणं, शाळेनं मला सोडलं. तेव्हा शुद्धलेखन बघू नका, किस्सा बघा.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून मालकानं मोटारीच्या मागं कोळशाची टाकी बसवलेली. तिच्यात गॅस तयार झाला की मोटार चालायची. त्यासाठी टाकीचा पंखा हातानं गरागरा फिरवावा लागे. ते काम सदूकडं. सदू तिशीचा, अंगानं पैलवान, समज मात्र लहान पोराएवढी. त्याची आई तानूमावशी अड्ड्यावरच झुणका-भाकरी विकायची.

कोण म्हणायचं वेडा, कोण म्हणायचं बाहेरची बाधा. शेवटी मी आणि कंडक्टर दगडू, आम्ही मायलेकांना साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, “हा वेडा नाही. समज हळू आहे, एवढंच. एका वेळी एकच गोष्ट सांगा. रोजचा क्रम मोडू नका. काम केलं की शाबासकी द्या.”

मावशीनं विचारलं, “आन् माझ्यामागं ह्येचं कोन?”

डॉक्टर चष्मा पुसत बसले.

मावशीचा थोरला लेक पलटणीत हवालदार. त्याचा निरोप आलेला, की रजेवर आलो की सदूला वेड्यांच्या इस्पितळात ठेवतो, निदान पोट तरी भरेल. गावातल्या बाकीच्या आया लेकाच्या रजेची वाट बघायच्या. मावशी एकटी रजेला भ्यायची.

*

दगडूनं मात्र डॉक्टरांचं बोलणं असं मनावर घेतलं की विचारू नका. एकट्या सदूला नव्हे, सगळ्या पॅसेंजरांनाच लागू!

“तिकीट घ्या.” माणूस तिकीट घेई. “शाबास! आता चढा.” चढे. “शाबास! आता बसा.”

एक मिशाळ पाटील रोजचे पॅसेंजर. ते भडकले. “आरं, मला शाबासकी देतूस? तुझ्या बापाला कुस्ती शिकीवलीया मी!”

दगडू टरकला. दुसऱ्या दिवशी पाटील पायरीवर चढले आणि तिथंच उभे. मागं ही रांग!

मी म्हटलं, “आवं पाटील, बसा की.”

पाटील म्हणाले, “आज शाबास म्हनला न्हाई त्यो!”

*

एकदा दगडूनं सदूला पंखा फिरवायला सांगितलं आणि आम्ही सगळे चहाला गेलो. गप्पा रंगल्या. परत येऊन बघतो तर सदू फिरवतोय, टाकी लालभडक!

“आरं, थांबायचं न्हाई व्हय?”

“दगडू थांब म्हनला न्हाई.”

त्या दिवशी गॅस असा लागला की चढावर कुणालाही उतरून मोटार ढकलावी लागली नाही. पॅसेंजर उलट नाराज! “पाय मोकळं झालं न्हाईत,” म्हणाले.

*

मला खोड्या केल्याशिवाय अन्न पचत नाही. एका सकाळी पंख्याचं हँडल लपवून ठेवलं. म्हटलं, सदू शोधत फिरेल, गंमत होईल. सदू कसला शोधतोय! रिकाम्या जागेकडं बघितलं, हात झटकले आणि पॅसेंजरांना म्हणाला, “आज सुट्टी.”

सगळे घरी गेले! मी हँडल घेऊन त्यांच्यामागं पळतोय, “आवं, हाय! हाय!” मालकानं मला अशी शिवी दिली की अजून कुणाला द्यायचं धाडस झालं नाही.

*

सदूचा क्रम ठरलेला. पंखा फिरवायचा, मग पुढं येऊन बॉनेटवर थाप मारायची आणि मोटारीला सांगायचं, “जा. जेवाय ये.” आई त्याला सांगायची तसं. मोटार संध्याकाळी परत आली की “आलास? जेव,” म्हणून भाकरी बॉनेटवर ठेवायचा. तापल्या पत्र्यावर भाकरी अशी खमंग व्हायची! खायचा दगडू, पण सदूला समाधान की मोटार जेवली.

एकदा एक साहेब घाईत. सदूची थाप व्हायच्या आधीच म्हणाले, “हे काय थोतांड? गाडी काढा!”

काढली. पहिल्याच चढावर बंद! साहेब बूट घालून ढकलतायत, आणि पाटील आतून सांगतायत, “सदूचं ऐकाय पायजे हुतं, साहेब.” गॅस बंद करायचा कॉक कुणाच्या हाताशी असतो, ते ड्रायव्हर लोकांना विचारू नका.

*

आणि एक दिवस हवालदार रजेवर आलाच.

सकाळी सदूला नवा सदरा घालून अड्ड्यावर आणलं. पंखाही सदूनंच फिरवला. मग हवालदारानं त्याला हाताला धरून आत बसवलं. मोटारीत बसायला मिळालं म्हणून सदू खूश. मावशी चुलीपाशी पाठ करून बसलेली.

“चला, ड्रायव्हर!”

मी म्हटलं, “निरोप व्हायचाय अजून.”

“कसला निरोप?”

पाटील म्हणाले, “सदू खाली न्हाई, मोटार कशी निगंल? चढावर ढकलनार हाईसा का तुमी?” सगळे पॅसेंजर माना डोलवायला लागले. एक म्हातारी तर गाठोडं घेऊन उतरायला निघाली.

हवालदार वैतागला. “जा रं सदू, काय आसंल त्ये उरक, आन् परत येऊन बस.”

आता तुम्हीच सांगा, डॉक्टर काय म्हणाले होते? एका वेळी एकच गोष्ट! हवालदारानं दोन सांगितल्या.

सदू उतरला. पुढं आला. बॉनेटवर थाप मारली. “जा. जेवाय ये.”

मी गेलो!

मागनं दगडू ओरडला, “शाबास!”

“थांबवा! भाऊ ऱ्हायला माझा!” हवालदार उभा राहिला.

“कोळशाची मोटार हाय, साहेब. मधी थांबली तर फुडं जाईल न्हाईतर न्हाई बी.”

साताऱ्यात उतरून हवालदार अड्ड्यावरच बसून राहिला. संध्याकाळी त्याच मोटारीनं परत निघाला.

उंब्रजला सदू भाकरी घेऊन उभा होता. मोटार थांबली तसा बॉनेटपाशी आला. तेवढ्यात पायरीवरनं भाऊ उतरला. सदूनं बॉनेटकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि भाकरी भावाच्या हातात दिली.

“आलास? जेव.”

त्या दिवशी आमची मोटार उपाशी राहिली.