धुऱ्यावरची बाभूळ

मित्रांनो, माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आज पहाटे गेले. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे सगळी तयारी माझ्याकडे आली.

खर्च बेताचाच करायचा होता. तरी खामगावहून निघतानाच वखारीत फोन करून ट्रॅक्टरभर लाकडं सांगून टाकली.

पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर शेजारच्या कमलकाकू माझ्यावरच चिडल्या. "लाकडं इकत काऊन सांगतली रे? आपल्या गावात घरटी एक लाकूड येते ना!"

वखारीत नको म्हणून कळवलं खरं, पण पुरतील की नाही, ही धाकधूक होतीच.

मग लोक यायला लागले. कोणी खांद्यावर, कोणी सायकलला बांधून, ज्याच्या घरी जे होतं ते आणलं. म्हाताऱ्या बायांनी गोवऱ्या आणल्या.

सगळ्यात शेवटी नामदेवकाकांची बैलगाडी आली. ते मोठेबाबांचे शेतशेजारी. धुऱ्यावरच्या, म्हणजे दोघांच्या सामाईक बांधावरच्या, एका बाभळीवरून दोघं तहसीलपर्यंत भांडले होते आणि कित्येक वर्षं बोलत नव्हते. ती बाभूळ मागच्या वर्षी वादळात पडली, तेव्हा काका ती गुपचूप घरी घेऊन गेले. त्यावरून मोठेबाबांनी अख्खं गाव डोक्यावर घेतलं होतं.

आज तीच वाळलेली बाभूळ गाडीत होती. गाडीतून उतरत काका म्हणाले, "अर्धी त त्याचीच होती."

गाडीत मात्र बाभूळ अख्खी होती.

तुमच्या गावात अजून घरटी लाकूड येतं का? येत असेल, तर ट्रॅक्टर सांगायच्या आधी थोडं थांबा.