शेवट घाईचा, पण हार चांगला

नवरात्रातली गोष्ट. शेजारी भागुबाई सुनेवर ओरडत होती. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"कार्टून बघून रडतीस? लाज वाटत नाय?"

"आत्याबाई, त्या पोरीला घराबाहेर पडायचंय. पडते का, एवढंच बघायचंय."

ही सून म्हणजे सुवर्णा. माहेर वणीचं. नवरात्राच्या जत्रेला आई दरवर्षी बोलवायची, पण सासरी हारांचा धंदा, आणि बाजारात झेंडूचे हारही तेव्हाच लागायचे. तीन वर्षं ती गेलीच नव्हती. रोज चारला हार ओवताना ती टीव्हीवर कार्टूनची मालिका बघायची. पोरगी जपानची, रडायची मात्र हिंदीत.

मालिका संपली तेव्हा मी विचारलं, "कशी होती गं?"

"आजी, मधे फुलं लय विरळ ओवलीत, शेवटी नुसती कोंबलीत. पोरगी दोन मिनिटांत बाहेर! कशी पडली, ते दाखवलंच नाय. पण हार चांगला होता. लय रडले मी."

"मग तू कधी निघतीस?"

"दसरा झाला की."

"मागल्या वर्षी पण हेच म्हणाली होतीस."

ती हसली. मग पदर खोचून तिने टोपली उचलली, बाजारात हार पोचवले आणि दिवेलागणीच्या आत घरी आली.