दोनदा मोजलेला उजेड

संस्थेत सगळे त्यांना ताई म्हणत आणि ताई फक्त एकाच माणसाला दादा म्हणत, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला. सख्खा भाऊ नव्हता, म्हणून हे नातं त्यांनी फार मनापासून धरलं होतं.

कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरत असते. तिच्यातून किती उजेड येईल, याचं मॉडेल ताई संगणकावर बसवत होत्या. तबकडीची गोल कडी पाडायची, एकेका कड्याचा उजेड काढायचा, मग बेरीज. आतल्या कड्यांचा थोडा उजेड विवराच्या ओढीने वाकून पुन्हा तबकडीवरच पडतो, तोही धरायचा. काम सुरू करताना त्या मनात देवाचं नाव घेत. ओठ हललेले दिसले की दादा म्हणे, "देवाला एवढी आकडेमोड झेपते का हो?"

"तुमच्यापेक्षा बरी झेपते."

अर्धंमुर्धं झालेलं मॉडेल त्यांनी त्याला वाचायला दिलं होतं. घरच्या माणसापासून काय लपवायचं?

वार्षिक सभेत दादा बोलायला उभा राहिला. पडद्यावर तबकडीचं चित्र आलं आणि ताईंनी ते लगेच ओळखलं, त्यांच्याच मॉडेलचं होतं.

"हे मी तयार केलेलं मॉडेल," तो म्हणाला.

सगळ्यात आतलं कडं भलतंच झगझगत होतं. परत पडणारा उजेड ताईंनी तेव्हा चुकून दोनदा धरला होता. पुढे चूक सापडली, त्यांनी सुधारली, दादाला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

समोरच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, "आतलं कडं इतकं तेजस्वी कसं?"

दादा अडखळला. मग ताईंकडे हात करून म्हणाला, "तेवढं गणित यांच्याकडे दिलं होतं. यांचंच काहीतरी चुकलं असेल."

चोरी त्यांनी एक वेळ गिळली असती. हे गिळवेना. त्या उठल्या.

"चूक माझीच आहे. कारण मॉडेलच पहिल्यापासून माझं आहे. सुधारलेलं माझ्याकडे आहे. यांनी मागितलं असतं, तर तेही दिलं असतं."

सभा संपल्यावर दादा चहाचा कप घेऊन आला. "ताई, घरातलं घरात बोलता आलं असतं."

"कुठलं घर?" त्या म्हणाल्या. कप न घेताच त्या चालू लागल्या.

संध्याकाळी त्यांनी सुधारलेलं मॉडेल चालवलं. चित्र सुरेख आलं. दाखवायला म्हणून त्यांची मान सवयीने शेजारी वळली, आणि तशीच परत समोर आली.