येळवशीची हाक

यंदा वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, शेतात जाऊ नये असंच घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. श्रावणात आमचे हे गेले. वर्षाच्या आत सण कसला? धाकटी जाऊ म्हणाली, "अक्का, दुखवटा हाय. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "दुखवटा आपल्याला हाय, ज्वारीला न्हाई." खरं तर माझाच देवावर राग होता. ज्या माणसानं जन्मात सोमवार चुकवला नाही, त्याला महादेवानं असं उभ्या उभ्या उचलावं? पण येळवशीला उभ्या पिकाला ताक-पिठाची अंबिल न पाजणं म्हणजे पोटुशीला उपाशी ठेवणं, असं हेच म्हणायचे. म्हणून एकटीच गेले.

आमचं रान गंगाखेडच्या रस्त्याला लागून आहे. आजूबाजूच्या शेतांत माणसं मावत नव्हती. पोरं झोके घेत होती, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचा वास सुटला होता, आणि मला कुणाचं हसणं सोसवत नव्हतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा उरकली. अंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन ज्वारीत शिरले. आमच्यात पुढचा माणूस पिकावर अंबिल शिंपडत "हर हर" म्हणतो आणि मडकंवाली मागून "महादेव" म्हणते. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या मागेच चालले. त्या दिवशीही सवयीनं हाकेची वाट बघत थांबले. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं की पुढे कुणी नाहीच. आपणच हाक द्यावी म्हटलं, तर ती जन्मात कधी दिली नव्हती; मडकं सावरत तशीच उभी राहिले.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "हर हर!"

माझ्या तोंडून आपसूक "महादेव" निघालं.

खांद्यावर घोंगडी टाकलेला एक वाटसरू बांध उतरून आला. "एकलीच हायस व्हय माय? चल, मी पुढं व्हतो." त्यानं सगळं रान शिंपून दिलं. मग रीतीप्रमाणे त्याला जेवायला बसवलं. पान वाढताना बघते तर माझ्या हातून सवयीनं कांद्याचा ठेचाही डब्यात आलेला. घरात तो फक्त हेच खायचे.

"मालक कुठं गेल्यात?" त्यानं विचारलं.

"वारले. श्रावणात." हे मी माझ्या तोंडानं पहिल्यांदाच म्हटलं आणि तिथंच रडू कोसळलं. त्याचा घास हातातच राहिला. "मग हे पान त्यांचं व्हतं," तो म्हणाला.

"जेवा," मी म्हटलं. "ते उपाशी कुणाला उठू देत नव्हते."

तो पोटभर जेवला, वर तीन तांबे अंबिल प्याला आणि गेला. नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. जाऊ म्हणते, महादेवच आला असंल. मला ठाऊक नाही. महादेवाला एवढी अंबिल जाईल असं वाटत नाही. दुःख काही हललेलं नाही, घर तसंच खायला उठतं. पण देवाशी भांडणं सोडलंय. हाक देणं माझ्याकडे कधी नव्हतंच. ओ देणं तेवढं होतं, ते अजून आहे.