दाबाची वही

सत्यशीलाबाई कितपत माहीत होत्या, असं कोणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल. विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत त्या अकरा वर्षं माझ्या वरच्याच मजल्यावर राहिल्या. त्यांचं माहेर कुठलं, तेही मी कधी विचारलं नाही. मला लिहिता येतं असंही नाही.

एकदा जिन्यात भेटल्या, कठडा धरून उभ्या. म्हणाल्या, "आज दाब फार खाली गेलाय." मी घाईने मीठ-साखर घालून लिंबूपाणी नेलं. त्यांनी पेला संपवला आणि म्हणाल्या, "अहो लोणकर, दाब मशीनचा. पण असू दे. साखर जास्त झालीय."

तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या घरात गेलो. कपाटाशेजारी एक काळा डबा घुमत होता. मुलगा धम्मदीप आयटीतला. २००९ साली अमेरिकेला जाण्याआधी त्याने हा सर्व्हर बसवून दिला होता. बाईंचे यजमान जयंतीच्या कार्यक्रमांत गायचे. बुरशी लागलेल्या कॅसेटी मुलाने त्यात उतरवल्या आणि टाकून दिल्या. गेलेल्या माणसाचा आवाज आता त्या डब्यातच काय तो उरला होता.

त्याला बारा व्होल्टचा पुरवठा लागे. अकरा पॉइंट चारच्या खाली गेला तर आतल्या डिस्क बिघडू शकतात, असं मुलाने बजावलं होतं. डबा दर पाच मिनिटांनी आकडा स्वतःच नोंदवायचा. तरी बाई दिवसातून तीनदा डब्याच्या पडद्यावर बघून तो वहीत उतरवायच्या. नोकरीभर त्यांनी वीज सबस्टेशनवर तासातासाला हेच केलं होतं. व्होल्टेजला दाब म्हणायची सवयही तिथलीच.

"आई, ते आपोआप नोंदलं जातं," मुलगा फोनवर म्हणायचा.

"आपोआप नोंदलेलं वाचतं कोण?"

पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आकडा वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायचो, त्या चाचपडत लिहायच्या. खुर्ची पुढे करायच्या, पण मी उभाच राहायचो. अकरा पॉइंट सात. पाच दिवसांनी अकरा पॉइंट सहा. एकदा अकरा पॉइंट पाच दिसला आणि मी अडखळलो.

"खरं वाचा. मला बरं वाटावं म्हणून नको."

मी खरं वाचलं. त्या दिवशी त्यांनी डबा बंद करवला. दुरुस्तीवाल्याने नवा सप्लाय बसवला. डबा सुरू झाल्यावर त्यांनी एकच गाणं लावलं, पहिलं कडवं ऐकलं आणि बंद केलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नव्या सप्लायचा आकडा आला बारा पॉइंट एक. महिनाभर तो हलला नाही. डोळे सुधारले तरी बाईंनी मला नको म्हटलं नाही, आणि मीही सकाळचा आकडा वाचायला जायचा थांबलो नाही.

एका शुक्रवारी सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, रात्रीच हृदय बंद पडलं. धम्मदीप आला, डबा जपून घेऊन गेला. वही माझ्याकडे ठेवून गेला. शेवटची नोंद गुरुवारची, सकाळची.

त्या गुरुवारी दुपारी आम्ही जिन्यात भेटलो होतो. त्या कठडा धरून उभ्या होत्या.

"आज दाब कमी वाटतोय, लोणकर."

"छे हो, सकाळी मीच वाचला की. बारा पॉइंट एक."

त्या हसल्या. "मग असेल तेवढाच."