लांब पल्ल्याचं तेल आणि तीन फिल्टर

नांदेडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात दुकानदारानं काउंटरवर तीन फिल्टर माझ्यापुढं उभे केले आणि विचारलं, "बोला ताई, यातला कोणता देऊ?"

मला एवढंच ठाऊक होतं की माझ्या डिझेल गाडीच्या इंजिनात ऑइल फिरतं आणि ते या डब्यातून गाळलं जातं. डब्यांमध्येही निवड करायची असते, हे त्या दिवशी कळलं.

मी लातूरला कॉलेजात शिकवते. आई हिमायतनगरला एकटी राहते. लातूरला चल म्हटलं की म्हणते, "तिथं माझं कोण हाय?" मी आहे, हे उत्तर तिला पुरत नाही. म्हणून दर शनिवारी कॉलेज उरकलं की मी गाडी काढते. अहमदपूर, लोहा, नांदेड, पुढं भोकरवरून हिमायतनगर. रविवारी जेवून परत. एवढ्या फेऱ्यांमुळं ऑइल बदलायची वेळ सारखी यायची. माझ्या गाडीचा मिस्त्री नांदेडचा. ज्या शनिवारी ऑइल बदलायचं, तो गॅरेजातच जायचा आणि मी पोचेपर्यंत आई जेवायची थांबून पेंगत बसलेली असायची.

कॉलेजातले एक सर म्हणाले, "सिंथेटिक ऑइल टाका ना. जवळजवळ दुप्पट चालतं." मी लगेच कॅन घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तेच सर म्हणाले, "पण फिल्टरही तसाच दमाचा बघा बरं का. तेल टिकायचं आणि फिल्टर आधीच भरायचा." हे आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी कॅन आणलाच नसता.

तर त्या काउंटरवर दुकानदार समजावून सांगत होता. "हा कंपनीचा, गाडीसोबत येतो तोच. हा दुसरा लई बारीक गाळतो, याच्यात साधा कागद न्हाई. अन् हा तिसरा लांबीला मोठा. आटे सेम हायत, घाण जास्त मावते."

"बारीक गाळणारा चांगला ना?"

"एकदम खात्रीचा."

"पण बारीक गाळला तर लवकर भरणार नाही का?"

त्यानं जरा विचार केला. "भरू शकतो."

"मग मोठा द्या."

"मोठा बी चांगलाच हाय. पण त्याच्या खोक्यावर तुमच्या गाडीचं नाव न्हाई."

"आणि समजा भरलाच, तर काय होतं?"

"आत व्हॉल्व असतो. फिल्टर तुंबला की व्हॉल्व उघडतो अन् तेल न गाळता तसंच इंजिनात जातं. गाडी बंद पडत न्हाई."

"मग तुंबलाय हे मला कळणार कसं?"

"कळत न्हाई," तो म्हणाला.

त्याच्या या उत्तरानं मी गारच पडले. काही न घेता बाहेर आले आणि हैदराबादला दादाला फोन लावला. तो म्हणाला, "तू कशाला या भानगडीत पडतेस? नेहमीचंच ऑइल टाक, वेळच्या वेळी बदल." मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, "मोठा बसतो, मी बसवलेत. पण त्याचा व्हॉल्व किती दाबाला उघडतो, ते आपल्याला माहीत न्हाई." जो भेटला त्यानं मला थोडं पटवलं आणि थोडं घाबरवलं. ती फेरी तशीच केली, जुन्या तेलावर.

पुढच्या शनिवारी आई डोळे दाखवायला नांदेडला आली होती. तिला दवाखान्यातून घेतलं आणि दोघी गॅरेजात गेलो. मिस्त्री म्हणाला, "ताई, आधी जुना फिल्टर कापून बघू. तो काय म्हणतो ते तर कळंल." त्यानं करवतीनं डबा कापला, आतला कागद काढून वर्तमानपत्रावर पसरला. शेजारच्याच दुकानातला तो दुकानदारही बघायला आला.

मिस्त्री म्हणाला, "बघा, कुठं चमकून राहिलं का? लोखंडाचा कीस न्हाई. इंजिन ठणठणीत. हा अजून चालला असता."

दुकानदार वाकून म्हणाला, "घड्या बघ ना कशा चिकटल्यात. हा आता संपल्यातच जमा."

दोघं एकाच कागदावर बोट ठेवून बोलत होते. मला तो नुसता काळा दिसत होता.

आई खुर्चीवर बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "पण माय, ते तेल इतकं टिकवायचंच कशापायी?"

मी सांगितलं. गॅरेजात वेळ जातो, तुझ्याकडं यायला अंधार होतो, म्हणून.

ती म्हणाली, "मंग त्या दिवशी मीच येत जाते की नांदेडला. सकाळची बस हाय."

"तुझे गुडघे?"

"बसमधी बसायचंच असतंय. गुडघ्याचं काय काम तिथं?"

मिस्त्री हसला. शेवटी मी कंपनीचाच फिल्टर घेतला, तेल मात्र सिंथेटिकच टाकलं आणि मुदत दुप्पट न धरता मधली कुठली तरी धरली. हे बरोबर आहे का, असं दोघांनाही विचारलं. दोघांनीही मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून ऑइल बदलायच्या शनिवारी आई खरंच बसनं येते. गॅरेजातल्या खुर्चीवर बसून चहा घेते, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते, आणि काम लवकर उरकलं तर तिला ते फारसं आवडत नाही. गाडी नीट चालते आहे. फिल्टरमुळं, तेलामुळं की नुसत्या नशिबानं, मला अजून कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात कंपनीनं फिल्टरचं खोकं बदललं आणि नंबरापुढं एक नवं अक्षर आलं. दुकानदार म्हणतो, माल तोच आहे. मिस्त्री म्हणतो, वजनाला हलका लागतोय. मी तो हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले, मग आईच्या हातात दिला. तिनं तोलून पाहिला आणि म्हणाली, "जुना आणला असतास तर दोन्ही तोलून सांगता आलं असतं."